कौल आणि चेंजलॉग

वडील होडीतून उतरताना शेवाळलेल्या दगडावर घसरले आणि त्यांचा पाय मोडला, तेव्हा मी पुण्यात एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅमर होते. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ही गोष्ट. आईचा फोन आला. म्हणाली, "काय झाला नाय. बापाशीचो पाय मोडलो हा. तू येव नको." आमच्या मालवणात कोणी मुद्दाम फोन करून 'येऊ नको' असं सांगितलं, की मिळेल ती गाडी पकडायची असते. मी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

साहेब माणूस वाईट नव्हते, फक्त कायम घाईत असत. किती दिवस, असं त्यांनी विचारलं. प्लास्टर दीड महिन्याचं आहे म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "असं करा, तुमचा कॉम्प्युटर घेऊन जा. चेंजलॉगचं काम तिकडे बसून पूर्ण करा. प्लास्टर निघेपर्यंत ते नीट झालं, तर पुढेही तिकडून करायला माझी हरकत नाही. नाही झालं, तर गुपचूप परत यायचं."

हे ते बहुधा मला टेबलापासून हलवण्यासाठी बोलले. मी मात्र त्यांचा शब्द पक्का धरला, कारण मला घरी राहायचं होतं. चार वर्षं पुण्यात काढली आणि चारही वर्षं मला कुणाशी मनासारखं भांडता आलं नाही. तिकडे माणसं रागावली की "असू दे" म्हणतात आणि आठवडाभर बोलत नाहीत. मला हे झेपत नाही. मला तिथल्या तिथे उत्तर लागतं.

पण हे घरी सांगायची सोय नव्हती. आईने मासे विकून मला शिकवलं होतं. बाजारात तिच्या पाटीसमोर कोणी दोन मिनिटं रेंगाळलं, तर 'माझा चेडू पुण्याक इंजिनेर आसा' हे ऐकल्याशिवाय त्याला बांगडा मिळत नसे. त्या बाईला, तुझ्या चेडवाला परत यायचंय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी सांगितलं नाही. वडिलांच्या प्लास्टरमागे लपले.

मॉनिटर मांडीवर घेऊन मी पुण्याहून कुडाळपर्यंत आले. त्या काळचे मॉनिटर मांडीवर घ्यायचे नसत. कंडक्टर म्हणाला, टीव्हीचं अर्धं तिकीट पडेल. टीव्ही नाही, कॉम्प्युटर आहे, असं मी म्हटलं. मग पूर्ण पडेल, असं तो म्हणाला. आमचा वाद घाटापर्यंत चालला. घाट लागल्यावर मला मळमळायला लागलं, तेव्हा त्याने लांब सरकून विषय सोडून दिला.

घरी टेबल नव्हतं. मासळीसाठी बर्फ ठेवायची जुनी लाकडी पेटी आम्ही पालथी घातली आणि तिच्यावर मॉनिटर मांडला. वडिलांची खाट शेजारीच होती. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि त्याच टेलिफोनवर हॉटेलवाले आईकडे सुरमई सांगायचे. मी तार अडवली की आईचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार. खूप आरडाओरड होऊन तह झाला: इंटरनेट रोज दुपारी दोन ते तीन. आई बाजारातून अडीचच्या आसपास येई. म्हणून मी आणि वडील एक वाजताच जेवून घ्यायचो आणि दोनच्या ठोक्याला मी पेटीसमोर बसायचे.

आता चेंजलॉग म्हणजे काय ते सांगते. आईलाही मी ते तीनदा सांगितलं होतं. लिनक्सवर चालणारे प्रोग्रॅम पॅकेज करून वाटले जातात आणि प्रत्येक पॅकेजबरोबर त्यात कधी काय बदललं याची एक फाइल येते. ती जगभरातली, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं लिहितात. वर पॅकेजचं नाव, कंसात आवृत्तीचा आकडा आणि तातडी किती ते. त्याखाली एकेका चांदणीपुढे एकेक बदल. शेवटी दोन छोट्या आडव्या रेघा, लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख. ही झाली एक नोंद. नवी नोंद जुनीच्या डोक्यावर बसते. कंपनीला अशी फंक्शनं हवी होती, की जी ही फाइल वाचून नोंदी सुट्या करतील आणि गिऱ्हाइकाला सांगतील, की बाबा, ह्या आवृत्तीत सुरक्षेचं भगदाड बुजवलंय, ती ताबडतोब घे. ती दुसरी नाही घेतलीस तरी काही बिघडत नाही.

ऐकायला सोपं आहे. पण माणसं ती माणसंच. कोणी शेवटी सही करायचं विसरतो. कोणी तारीख आपल्या मनाने लिहितो. एकाने बदलांची यादी करताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दुसऱ्याच कुठल्या पॅकेजचं नाव आणि कंसात त्याची आवृत्ती लिहिली होती, त्यामुळे त्याची प्रत्येक ओळ नव्या नोंदीचा आव आणायची. मी त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. सगळ्या मालवणीत दिल्या, त्यामुळे त्याच्यापर्यंत काही पोहोचल्या नाहीत.

वडिलांना खाटेवर पडून कंटाळा यायचा, म्हणून मी त्यांना चेंजलॉग वाचून दाखवायला लागले. नव्या नोंदी वर असल्यामुळे गोष्ट खालून वर वाचावी लागे. एका गृहस्थाने लिहिलं होतं, 'छपाईतला दोष दुरुस्त केला.' त्याच्या वरच्या नोंदीत, 'मागची दुरुस्ती काढून टाकली, तिच्यामुळे छपाईच बंद पडली.' त्याच्याही वर, 'मागची दुरुस्ती बरोबर होती, चूक दुसरीकडेच होती. दुरुस्ती परत घातली. क्षमस्व.' वडील उशीवर कोपर टेकून उठून बसले.

"हो माणूस खरो," ते म्हणाले. "इंजिनाचा काम असाच जाता. पण कोण कबूल करीत नाय."

तेव्हापासून सकाळी चहा झाला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आज तेना काय बिघडवल्यान?" त्या माणसाची तीन वर्षांची फाइल आम्ही पुरवून पुरवून वाचली. एकदा त्याने लिहिलं होतं, 'हे आता चालतंय, का ते मला माहीत नाही.' वडील इतके हसले, की प्लास्टर हलून कळ आली.

पहिल्या महिन्यात मी एकच फंक्शन लिहिलं. एकच, पण कसं! नावाच्या ओळीपासून सहीच्या ओळीपर्यंत अख्खी नोंद एका दमात पकडणारा एकच साचा, खुणांनी आणि कंसांनी गच्च भरलेला. मला त्याचा फार अभिमान होता. दुसऱ्या दिवशी वाचलं तर मलाच कळत नसे, इतकं ते हुशार होतं. अडचण एवढीच, की एखाद्याने सही केली नसली, की ते सही शोधत पुढे पुढे जाई आणि खालची जुनी नोंदही गिळून टाकी. मग दोन नोंदींची एक नोंद होई आणि तिला जुन्या माणसाची सही नि जुनी तारीख चिकटे. साहेबांची मेल आली: 'तुमच्या फंक्शनच्या मते हे भगदाड दोन वर्षांपूर्वीच बुजलं आहे. गिऱ्हाईक खूश आहे. भगदाड अजून उघडं आहे. कृपया बघा.'

मी बघितलं. साच्यात एक कंस वाढवला. ते पॅकेज सुधारलं आणि दुसरी दोन बिघडली. ती दोन सुधारली तर पहिलं परत बिघडलं. प्लास्टर निघायला दहा-बारा दिवस उरले होते. मी कीबोर्ड उचलून पेटीवर आपटला, तर त्यातून तीन सुके जवळे बाहेर पडले. वडील म्हणाले, "तूया लिव तेच्यासारख्या, क्षमस्व म्हणान." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इकडे बाजारात वेगळीच गजाल सुरू झाली होती. पुण्याचं चेडू महिनाभर घरी बसून टीव्हीसमोर ओरडतं, याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला. एका शेजारणीने आईला पाटी उतरवता उतरवता विचारलं, "काढल्यानी काय गो तेका?" आईने तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी आली, जेवून उठली आणि म्हणाली, "सोमवारी देवळात कौल लावया."

आमच्याकडे होडी घ्यायची असो, लग्न ठरवायचं असो, नाहीतर विहीर खणायची असो, ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि प्रश्न मोठ्याने सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी शिकलेली, मला हे मान्य नव्हतं. पण आईला नाही म्हणण्याएवढं बळ माझ्यात त्या आठवड्यात उरलं नव्हतं. माझं सगळं बळ त्या साच्यात गेलं होतं.

गुरव बारीक अंगाचे, चष्म्याला दोरा बांधलेले आणि माझ्याहून तापट होते. आमच्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची पाडी, म्हणजे कालवड, हरवली होती. गुरवांनी पाकळ्या लावल्या.

"पाडी जिती आसा?" उजवी पडली.

"गावच्या शिवेत आसा?" उजवी.

"वरच्या वाडीत?" डावी.

"खालच्या वाडीत?" उजवी.

"कोणी बांधून घातलेली आसा?" उजवी. म्हातारे उठले, "कोणी बांधल्यान ता कळला माका," म्हणाले, आणि काठी घेऊन तरातरा खालच्या वाडीच्या वाटेला लागले. ते पायरीवरून उतरेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले. पाच प्रश्नांत पाडी सापडली होती.

मग आमची पाळी. आई हात जोडून पुढे झाली आणि एका श्वासात म्हणाली, "देवा, माझ्या चेडवाक साहेबान काढल्यान काय हंय बसान करता ता खरा काम आसा, आणि खरा आसात तर पुण्याक गेला तर बरा काय हंय रवला तर बरा, आणि हेंचो पाय धड होतलो मा?"

देऊळभर माणसं होती. 'काढल्यान काय' हे शब्द सगळ्यांनी नीट ऐकले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाकळ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आईने मला श्वास हळू घ्यायला सांगितलं. शेवटी गुरवांनी दोन्ही पाकळ्या हाताने काढल्या आणि आईवर खेकसले.

"बाये, ह्यात चार प्रश्न आसत! देवान खंयच्याक उत्तर देवचा? एका टायमाक एकच इचार. होय काय नाय, इतक्यात उत्तर येवक व्हया. पयल्याचा उत्तर ध्यानात ठेव, मगे दुसरो. तो म्हातारो बघलंस? पाडी गावात गावली म्हटल्यार मी गावाभायरचा इचारलंय काय?"

मला राहवलं नाही. "आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या तर?" मी विचारलं. कशासाठी विचारलं, ते तोपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

गुरवांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि शुद्ध मराठीत, सरकारी कचेरीत बोलावं तसं म्हणाले, "मग माझा हात चुकला. तिथे उत्तर काढायचं नसतं. समजलं नाही असं सांगायचं आणि पुन्हा लावायचं." मग आईकडे वळून, "आज जा. घराक जावन एकच प्रश्न ठरव. फुडल्या सोमवारी ये."

आई खट्टू झाली. मी तिला हाताला धरून जवळजवळ ओढत घरी आणलं. वाटेत ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. माझ्या फंक्शनला मी तेच विचारत होते, जे आईने देवाला विचारलं: सगळं, एकदम, एका श्वासात. आणि वर ते गप्प बसलं म्हणून मी कीबोर्ड आपटत होते.

घरी येऊन मी तो साचा पुसून टाकला. महिन्याभराचं काम एका मिनिटात गेलं. मग चार बारकी फंक्शनं लिहिली. प्रत्येकाला एकच ओळ द्यायची आणि एकच प्रश्न. ही नावाची ओळ आहे? ही बदलाची आहे? ही सहीची? ही कोरी? उत्तर होय किंवा नाही, तिसरं बोलायचं नाही. पाचवं फंक्शन गुरवांच्या जागी. ते ओळी एकेक करून पुढे करणार आणि आधी काय येऊन गेलं ते ध्यानात ठेवणार. सही यायच्या आत नवी नावाची ओळ दिसली, तर आधीच्याने सही केलेली नाही, एवढं लिहून ठेवून त्याची नोंद तिथेच बंद करायची. बदलांच्या मधेच, जागा सोडून लिहिलेलं नाव आलं, तर ते नाव नव्हे, बदलच. आणि चारही जणांनी नाही म्हटलं, तर ओढूनताणून अर्थ लावायचा नाही. 'ही ओळ मला कळली नाही' असं सांगून पुढे जायचं. हे शेवटचं लिहिताना मला सगळ्यात जड गेलं. ते माझ्या स्वभावात नाही.

वडिलांच्या लाडक्या माणसाची फाइल आधी चालवली. त्याची प्रत्येक दुरुस्ती आणि प्रत्येक माफी सुटी होऊन आली. "एकय गिळूक नाय?" वडिलांनी विचारलं. एकही नाही, असं मी म्हटलं. शनिवारी दुपारी सगळं साहेबांना पाठवलं. तीन वाजायच्या आत उत्तर आलं: 'सोमवारी सगळ्या फाइलींवर चालवून बघतो. मंगळवारी फोन करतो. राहायचं की यायचं, ते तेव्हाच ठरेल.' बुधवारी ओरोसच्या सरकारी दवाखान्यात जाऊन वडिलांचं प्लास्टर काढायचं होतं.

सोमवारी आईने बाजारात जायची जाड साडी न नेसता बरी साडी नेसली. वाटेत मी दोनदा विचारलं, कोणता प्रश्न ठरवलास? "गप चल," एवढंच म्हणाली. मला वाटलं, ती 'पुण्याक धाडू काय' हाच प्रश्न विचारणार. उजवी पाकळी पडली, तर साहेब काहीही म्हणोत, आई माझी बॅग स्वतः भरणार. शिकलेली वगैरे मी, पण त्या दिवशी देवळाच्या पायऱ्या चढताना मला त्या पाकळ्यांची खरोखर भीती वाटली.

गुरवांनी पाकळ्या भिजवल्या. "हां. एकच," ते म्हणाले.

मागे माणसं खोळंबली होती. गुरवांचा हात तसाच वर राहिला.

"इचारूचा काय नाय," आई म्हणाली.

"मगे इलंस कित्याक?"

"मागूक इलंय. इचारूचा वेगळा आणि मागूचा वेगळा मा?"

गुरवांनी हात खाली घेतला. "वेगळा," ते म्हणाले, पहिल्यांदाच न खेकसता. "काय मागतंस?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. देवाकडे बघत, पण बाजारातल्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "माझा चेडू हंय रवांदे. लोका काय म्हणतीत ती म्हणांदे. चार वर्सां झाली, हे दर्यार आणि ह्या पुण्याक, मी एकटी जेवतंय. आता घरात आसा तरी त्या दोनाच्या टायमापायी माझ्या आदी जेवता. तुका जमात तर बघ."

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, नाका-डोळ्यांतून. गुरवांनी आईचं म्हणणं देवाला पुन्हा एकदा नीट लावून सांगितलं, त्यात दोन वाटाही नव्हत्या आणि अटही नव्हती. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि "चल, उशीर झालो," असं रागाने म्हणाली.

मंगळवारी एकच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. ते नेहमीप्रमाणे घाईत होते. सगळ्या फाइली चालवल्या, म्हणाले. ज्या मोजक्या ओळी कळल्या नाहीत म्हणून फंक्शनांनी सांगितलं, त्या माणसांनाही कळण्यासारख्या नव्हत्या. "राहा तिकडेच. महिन्या-दोन महिन्यांनी एक चक्कर मारा," आणि फोन ठेवला. मी वडिलांना सांगितलं. त्यांना मी हवी होते की चेंजलॉग, ते कळायला मार्ग नव्हता, पण ते फार खूश झाले. आपण जेवून घेऊ म्हणाले. मी त्यांना एकट्यांना वाढलं.

आई अडीचला आली. पाटी दारात उतरवली, पाय धुतले. मी सांगितलं. ती ओटीवर टेकली.

"बरा झाला," ती म्हणाली.

मला एकदम राग आला. सहा आठवडे मी जीव मुठीत धरून काढले होते. "तुका मी हंयच व्हयी होतंय, तर माका आदी कित्याक नाय सांगलंस?"

"तू इचारलंस खंय?"

मी विचारलं नव्हतं. साहेबांना विचारलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांना मेल पाठवून साच्यातले कंस विचारले होते. वडिलांना तर दिवसातून चारदा काही ना काही विचारत होते. तिला एकदाही नाही. होय की नाही, एवढ्यावर भागणारा प्रश्न होता.

"आये," मी म्हटलं, "मी हंय रवलंय तर तुका चलात?"

ती उठली. आत गेली, कालवणाचं टोप चुलीवर चढवलं आणि तिथूनच ओरडली, "हात धू. जेवक बस." दोन ते तीनचा माझा तास चालू होता आणि टेलिफोनची तार मोकळी होती. मी हात धुतले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.